विश्लेषण : वाऱ्याचा इशारा आधीच मिळाला होता, तरी लॉस एंजेलिस का जळाले?

‘लाल बावट्या’चा अंदाज खरा ठरला, पण घर सोडण्याचा निरोप अनेकांपर्यंत आगीच्या नंतर पोहोचला. कॅलिफोर्नियातील वणव्यांचा हा धडा सह्याद्री आणि कोकणालाही लागू पडतो का?

कोकणातल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की मच्छीमाराला हवामानशास्त्र समजावून सांगावे लागत नाही. होडी समुद्रात न्यायची नाही, एवढा त्याचा अर्थ. अमेरिकेत आगीच्या हवामानासाठी असाच एक बावटा आहे, ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’. मराठी कानाला लाल बावटा म्हटले की कामगारांचा मोर्चा आठवतो. तिथे तो सोसाट्याच्या वाऱ्याचा आणि कोरड्या हवेचा आहे. ऑक्टोबर उजाडला की दक्षिण कॅलिफोर्नियात हे इशारे सुरू होतात आणि पावसाने डोंगर भिजेपर्यंत अधूनमधून येत राहतात. तिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने असल्याने या बातम्या पुण्या-ठाण्यातल्या घरांतही काळजीने वाचल्या जातात.

पण या बावट्याने तिथे थांबते काय? होड्या थांबतात तसे काहीच थांबत नाही. खरी अडचण इथेच आहे.

लाल बावटा म्हणजे नेमके काय?

अमेरिकेची ‘नॅशनल वेदर सर्व्हिस’ हा इशारा देते. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. गवत आणि झुडपे वाळलेली हवीत, हवेतली आर्द्रता फार खाली गेलेली हवी आणि वारा जोराचा हवा. आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आणि वारा ताशी ४० किलोमीटरहून अधिक, तोही काही तास टिकणारा, अशी ढोबळ चौकट असते. प्रदेशानुसार हे आकडे बदलतात. अशी शक्यता दिसू लागली की आधी ‘वॉच’ म्हणजे सावधगिरीची सूचना निघते आणि खात्री वाढली की ‘वॉर्निंग’.

आग लागणारच, असे हा इशारा सांगत नाही. ठिणगी कुठे पडेल हे कोणत्याही संगणकाला सांगता येत नाही. आज ठिणगी पडली तर ती विझवणे माणसाच्या हातात राहणार नाही, एवढेच तो सांगतो. हा फरक साधा वाटतो, पण लोकांच्या मनात तो क्वचितच पोहोचतो. इशारा आला, आग लागली नाही, म्हणजे अंदाज चुकला असा समज होतो. असे चार-पाच बावटे कोरडे गेले, की सहाव्याकडे कोणी पाहत नाही.

चौकटीत न बसणारे दिवसही असतात. ३० डिसेंबर २०२१ रोजी कोलोरॅडोत बोल्डरजवळ ‘मार्शल’ आगीने काही तासांत १,०८४ घरे जाळली. त्या दिवशी वादळी वाऱ्याचा इशारा होता, पण आगीचा लाल बावटा नव्हता. आर्द्रता ठरलेल्या मर्यादेइतकी खाली गेली नव्हती. झाडे पेटली म्हणून नव्हे, तर वाळलेले गवत पेटले म्हणून ही घरे गेली. गवत सुकायला फार वेळ लागत नाही.

हे वारे येतात कुठून?

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या वाऱ्यांना ‘सांता आना’ म्हणतात. एरवी तिथे वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि ओलावा आणतो. सांता आनाच्या काळात उलटे होते. नेवाडा आणि युटाच्या पठारावर थंड, जड हवा साचते, तिथे हवेचा दाब वाढतो आणि ती हवा कमी दाबाच्या किनाऱ्याकडे उतरू लागते. उतरताना दर किलोमीटरला ती सुमारे दहा अंश सेल्सियसने तापते. पाण्याचा अंश तेवढाच राहतो आणि तापमान वाढते, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता कोसळते. पठारावरची थंड हवा किनाऱ्यावर उष्ण आणि भाजून काढणारी होऊन पोहोचते. डोंगरांमधल्या खिंडींतून जाताना तिचा वेग आणखी वाढतो.

मुंबईकरांना याची सौम्य आवृत्ती माहीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा दुपारी उशिरापर्यंत आत येत नाही आणि पारा अचानक ३८-३९ अंशांवर जातो. दख्खनच्या पठारावरून कोकणात उतरणारी हवाही अशीच तापते. सांता आनाइतका जोर तिच्यात नसतो, इतकेच.

२०२५ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट जमून आली होती. त्याआधीचे दोन पावसाळी हंगाम, म्हणजे २०२२-२३ आणि २०२३-२४ चे हिवाळे, भरपूर पावसाचे होते. डोंगरांवर गवत आणि झुडपे माजली. मग पाऊस गायब झाला. मे २०२४ पासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात पाव इंचही पाऊस पडला नाही. एरवी जानेवारीपर्यंत डोंगर भिजलेले असतात, त्यामुळे वारे आले तरी फारसे बिघडत नाही. या वेळी सगळे सरपण वाळून तयार होते. ओल्या वर्षांनी जळण वाढवायचे आणि कोरड्या वर्षाने ते वाळवायचे, हे हेलकावे तापलेल्या वातावरणात अधिक तीव्र होत आहेत, असे हवामान अभ्यासक सांगतात.

वारा असला की आग हाताबाहेर का जाते?

वारा आगीला प्राणवायू पुरवतो हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याहून घातक काम तो दुसरे करतो. तो ज्वाळा पुढे वाकवतो, त्यामुळे पुढचे गवत-झुडूप पेटण्याआधीच भाजून निघते. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या संशोधकांनी मांडलेला एक ठोकताळा आहे. अतिशय कोरड्या स्थितीत आग वाऱ्याच्या साधारण दहा टक्के वेगाने पुढे सरकते. वारा ताशी ८० किलोमीटर असेल तर आग ताशी आठ किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसापेक्षाही पुढे. चढावर हा वेग दर दहा अंशांच्या उताराला सुमारे दुप्पट होतो.

तिसरे काम निखारे उडवण्याचे. पेटलेली साल, पाने, फळ्यांचे तुकडे वाऱ्यावर स्वार होऊन आगीच्या पुढे एक-दोन किलोमीटर, कधी त्याहून लांब जाऊन पडतात. छपराच्या पन्हाळीत साठलेला पाचोळा, माळ्याची जाळी, अंगणातली लाकडी खुर्ची, कुठेही. वणव्यात जळणारी बहुतांश घरे ज्वाळांच्या भिंतीने नव्हे, तर अशा निखाऱ्यांनी पेटतात. एक घर पेटले की ते स्वतःच शेजारच्या घराचे सरपण होते. त्या क्षणी वणवा संपतो आणि शहराची आग सुरू होते. रस्ता, पटांगण, जाळरेषा, काहीही तिला अडवू शकत नाही. वारा फार असेल तर पाणी टाकणारी विमानेही उडत नाहीत.

म्हणजे अशा दिवशी आग विझवण्याची उमेद धरण्यात अर्थ नसतो. ठिणगी पडू न देणे आणि माणसांना वेळेत बाहेर काढणे, ही दोनच कामे उरतात. दोन्ही कामे आग लागण्याआधीची आहेत.

७ जानेवारी २०२५ रोजी काय घडले?

लॉस एंजेलिसच्या हवामान कार्यालयाने त्या आठवड्याच्या वाऱ्यांची चाहूल काही दिवस आधीच दिली होती. आदल्या दिवशी, ६ जानेवारीला, भाषा टोकाची झाली. जीवघेणे, विध्वंसक आणि दूरवर पसरणारे वादळी वारे येत आहेत, असे थेट शब्दांत सांगितले गेले आणि लाल बावट्याच्याही वरची ‘विशेष धोकादायक स्थिती’ जाहीर झाली. सरकारी हवामान खाते इतके स्पष्ट बोलत नाही. ते बोलले आणि बरोबर बोलले. डोंगरमाथ्यांवर वाऱ्याचे झोत ताशी १३० ते १६० किलोमीटरपर्यंत गेले.

सकाळी साडेदहाच्या सुमारास पॅसिफिक पॅलिसेड्सजवळ पहिली आग दिसली. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास तिथून बऱ्याच अंतरावर, पसाडेनाच्या वरच्या अंगाला ईटन कॅन्यनमध्ये दुसरी पेटली. दोन्ही मिळून ३७ हजार एकर क्षेत्र जळाले, १६ हजारांहून अधिक घरे आणि इमारती नष्ट झाल्या आणि ३१ जणांचे प्राण गेले.

पॅलिसेड्सच्या आगीची कहाणी अस्वस्थ करणारी आहे. त्याच परिसरात १ जानेवारीला एक छोटी आग लागली होती आणि ती विझवली गेली होती. संघराज्याच्या तपास यंत्रणेचे म्हणणे असे, की ती पुरती विझलीच नव्हती. झुडपांच्या मुळांमध्ये जमिनीखाली ती धुमसत राहिली आणि ७ जानेवारीच्या वाऱ्याने तिला पुन्हा वर काढले. ती पहिली आग लावल्याचा आरोप एका व्यक्तीवर आहे. पण आरोपीपुरता हा विषय संपवता येत नाही. सहा दिवसांपूर्वी जळालेली जागा नकाशावर होती आणि वारा कधी येणार हे पंचांगात लिहिल्याइतके ठरले होते. ही दोन टिपणे एकाच टेबलावर ठेवून ‘उद्याच्या वाऱ्याआधी तिथली माती पुन्हा चाचपून या’ असे सांगायला कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नव्हती. दीड वर्ष आधी, ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाईतल्या लाहायना गावातही असेच झाले होते. लाल बावटा लागलेल्या त्या दिवशी सकाळची आग विझली असे समजून बंब परतले. दुपारी वाऱ्याने ती पुन्हा पेटवली आणि १०२ जण गेले.

आदल्या पाळीच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांना त्या सकाळी थांबवून घेतले नाही म्हणून नंतर टीका झाली. पॅलिसेड्समधले काही हायड्रंट कोरडे पडले, जवळचा एक जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता, यावर तर महिनोन्‌महिने राजकारण झाले. शेकडो घरे एकाच वेळी जळत असताना शहराची पाणीव्यवस्था पुरी पडणे अवघडच असते. तरी पाण्याचा वाद सोपा होता, त्यात दोषी कोण हे पटकन सांगता येते. दुसऱ्या आगीतला प्रश्न त्यापेक्षा गंभीर होता आणि त्याची चर्चा कमी झाली.

इशारा नेमका कुठे अडला?

ईटनची आग अल्टाडेना या वस्तीवर उतरली. लेक अॅव्हेन्यू हा रस्ता या वस्तीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतो. पूर्वेकडच्या रहिवाशांना घर सोडण्याच्या सूचना संध्याकाळी सातच्या आसपास मिळू लागल्या. पश्चिमेकडे, जिथे अनेक पिढ्यांपासून कृष्णवर्णीय कुटुंबे राहतात, पहिला आदेश पोहोचला तो पहाटे साडेतीनच्या सुमारास. तोवर तिथली घरे जळू लागून तास उलटले होते. ईटनच्या आगीत प्राण गमावलेले जवळपास सर्व जण लेक अॅव्हेन्यूच्या पश्चिमेचे होते. त्यांत वृद्ध आणि चालता-फिरता न येणारे लोक मोठ्या संख्येने होते.

काउंटीने नेमलेल्या स्वतंत्र समीक्षेत नंतर जे निघाले ते सरकारी कामाची ओळख असलेल्या कोणालाही नवे वाटणार नाही. धोरणे जुनी आणि अस्पष्ट, माणसे अपुरी, आणि स्थलांतराचा आदेश शेवटी कोणी द्यायचा याचा खुलासा नाही. उपग्रह, संगणक प्रारूपे, हवामान केंद्रे यांनी आपले काम चोख केले. गाडी अडली ती एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत जाताना.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ जानेवारीला, उलटा प्रकार झाला. एका छोट्या आगीसाठी मर्यादित भागाला पाठवायचा ‘घर सोडा’ हा संदेश चुकून साऱ्या काउंटीला, जवळपास एक कोटी लोकांच्या मोबाइलवर गेला. ज्यांना हवा होता त्यांना मिळाला नाही आणि ज्यांना नको होता त्यांच्या खिशात तो वाजला. पुढचा खरा इशारा आल्यावर यांतले किती जण उठून दार उघडतील?

लाहायनातही यंत्रणा होती. माउई बेटावर धोक्याचे सुमारे ८० भोंगे आहेत. त्यातला एकही वाजवला गेला नाही. भोंगा वाजला तर लोक त्सुनामी समजून डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळतील, असे स्पष्टीकरण तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्रमुखांनी दिले आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. स्पष्टीकरणात तथ्य नव्हते असे नाही. पण मग आगीसाठी लोकांनी कोणत्या आवाजाची वाट पाहायची होती, हे कोणी ठरवूनच ठेवले नव्हते.

वीज तोडणे हा उपाय आहे का?

जोराच्या वाऱ्यात तारा एकमेकींवर आपटतात, खांब पडतात आणि ठिणगी उडते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातले पॅराडाइज हे गाव जळाले आणि ८५ जण मेले. आग एका जुन्या उच्चदाब वाहिनीच्या झिजलेल्या आकड्यामुळे लागली होती. ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात ८४ मनुष्यवधांची कबुली दिली. त्या वाऱ्याआधी कंपनीने वीज बंद करण्याचा विचार केला होता, मग तो सोडून दिला. ईटनच्या आगीतही वर्षानुवर्षे वापरात नसलेल्या एका वाहिनीवर संशय आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे.

म्हणून आता लाल बावट्याच्या दिवशी वीज आधीच तोडण्याची पद्धत रुळली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एकाच वेळी सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज तोडली गेली. लोक संतापले आणि त्यांचा संताप चुकीचा नव्हता. वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद, घरच्या रुग्णाचे प्राणवायूचे यंत्र बंद, मोबाइलचा मनोरा बंद. इशाराच ज्या मोबाइलवर यायचा तो मुका होतो. २०१७ च्या आगींत विजेवर चालणारी गॅरेजची दारे न उघडल्याने काही लोक आत अडकले होते, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून नव्या दारांना बॅटरी सक्तीची केली. वीज तोडणे हा खरे तर तारांच्या देखभालीतल्या कसुरीचा भुर्दंड आहे, आणि तो ग्राहक भरतो. तरीही आग लागण्यापेक्षा तो स्वस्त पडतो, हे मान्य करावे लागते. किमान तो एक निर्णय असा आहे, जो आगीच्या आधी घेतला जातो.

ऑस्ट्रेलियाने काय वेगळे केले?

७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ला व्हिक्टोरिया राज्यात १७३ जण मृत्युमुखी पडले. संध्याकाळी वाऱ्याची दिशा बदलली आणि आगीची लांबलचक बाजू एका क्षणात तिचे तोंड झाली. तोवर तिथला सल्ला असा होता, की तयारी असेल तर घरी थांबून घर वाचवा, नाही तर लवकर निघा. त्या दिवसानंतर धोक्याच्या पट्टीवर सर्वांत वरची नवी पायरी आली, आणि तिचा अर्थ एकच, त्या दिवशी घर वाचवायला थांबू नका.

२०२२ पासून देशभर चारच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला एक कृती जोडलेली आहे. पहिलीत आखणी करा, दुसरीत सज्ज राहा, तिसरीत जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी आत्ताच हालचाल करा, चौथीत जगायचे असेल तर जंगलालगतचा भाग सोडा. शिवाय धोक्याच्या दिवशी उघड्यावर आग पेटवण्यास कायद्याने बंदी जाहीर होते आणि ती मोडणाऱ्याला दंड किंवा तुरुंग होतो. रंग आणि आकडे सांगण्यापेक्षा काय करायचे ते सांगण्याची ही पद्धत बंदरावरच्या बावट्याच्या अधिक जवळची आहे. ऑस्ट्रेलियात वणव्यांत घरे आजही जळतात. पण निघायचे कधी, हा वाद आगीच्या दारात घालावा लागत नाही.

महाराष्ट्रासाठी यात काय?

महाराष्ट्रातले वणवे वेगळे आहेत. इथे बहुतेक आग जमिनीवरच्या पाचोळ्यातून आणि गवतातून सरपटत जाते, शहरे गिळत नाही. त्यामुळे ती बातमीही होत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मते देशाच्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक भाग वारंवार आग लागण्याच्या टप्प्यात आहे. ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना वनविभागांना पाठवते. नागरिकही नाव नोंदवून त्या मिळवू शकतात. पण उपग्रहाला दिसते ती लागलेली आग. हवामानावरून धोक्याचा अंदाज बांधून आधी दिल्या जाणाऱ्या सूचनाही आहेत. त्या वनविभागाच्या कचेरीपर्यंत जातात. ज्याच्या हातात काडी आहे, त्याच्यापर्यंत त्या जायला हव्यात.

ती काडी लावणारे हात ओळखीचे आहेत. गडचिरोली-मेळघाटात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, कारण स्वच्छ जमिनीवर फुले दिसतात. सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांवर गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते, असा जुना समज आहे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. यांतल्या कोणालाही वणवा पेटवायचा नसतो. दुपारी वारा फिरतो आणि आग बांध ओलांडते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर रात्री शेकोटी पेटवणारे पर्यटक ही अलीकडची भर. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात गवताच्या आगीत सापडून २० हून अधिक गिर्यारोहक मरण पावले. तिथला उतार आणि वाळलेले गवत सह्याद्रीत फिरणाऱ्यांना अनोळखी नाही.

वनविभाग हंगामाआधी जाळरेषा काढतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत आगीवर पहारा ठेवतो. हे चार महिने सरसकट धोक्याचे धरले जातात. प्रत्यक्षात त्यातले मोजकेच दिवस खरे घातक असतात, जेव्हा पूर्वेचा कोरडा वारा उतरतो आणि आर्द्रता तळाला जाते. ते दिवस दोन-तीन दिवस आधी ओळखता येतात. उष्णतेच्या लाटेचा आणि पावसाचा यलो-ऑरेंज अलर्ट आज प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. त्याच वाटेने ‘उद्या-परवा राब भाजू नका, पाचोळा पेटवू नका’ एवढा निरोप ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून, वनरक्षकाच्या आणि सरपंचाच्या फोनवरून जायला हवा. त्या दिवशीच्या गडावरच्या मुक्कामांना परवानगी नाकारावी आणि रानातून जाणाऱ्या लोंबत्या वीजतारांची पाहणी वाऱ्याआधी व्हावी. चार महिने बंदी घातली तर ती कोणी पाळणार नाही, कारण मोह वेचायचा असतो आणि पेरणीची तयारीही करायची असते. वर्षातले दहा-बारा दिवस थांबा म्हटले, तर शेतकरी थांबू शकतो. मच्छीमार थांबतोच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात उन्हाळ्यात आंबा-काजूच्या बागा वणव्यात होरपळल्याच्या बातम्या येतात. पंधरा-वीस वर्षे वाढवलेले कलम एका दुपारी जाते. त्याच्या भरपाईसाठी पंचनामे आणि कागदपत्रांचे हेलपाटे पुढे वर्षभर चालतात. आणि पूर्वेचा वारा उतरतो, तो नेमका ही कलमे मोहोराने आणि कैऱ्यांनी लगडलेली असतात त्या महिन्यांत.